नट घट्ट होता, तरी शॉक वाजत होता

गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) आणि स्प्रिंग नवे घातले आणि गाडी पहिल्यापेक्षा जास्त वाजायला लागली. असं झालं की कोल्हापुरात कुणालाही विचारा, पहिला सल्ला ठरलेला: "नवं सामान हाय, चालवा थोडं, बसंल आपसूक." रबर थोडंफार बसतं हे खरं, पण ढिला सांधा चालवून घट्ट होत नाही. माझ्या गाडीचा आवाज शेवटी ज्या नटापाशी सापडला, त्या नटाला आधी बऱ्याच जणांनी पाना लावून बघितला होता आणि प्रत्येकानं तो घट्ट असल्याचा निर्वाळा दिला होता. तो घट्टच होता, आणि वाजतही तिथंच होतं. हे कसं, ते नीट लिहून ठेवावंसं वाटलं, कारण कंपनीचे सोडून बाहेरच्या बनावटीचे शॉक घालणाऱ्या कुणाच्याही वाट्याला हे येऊ शकतं.

आधी सामान का बदललं ते सांगतो. गाडी साधी हॅचबॅक, लाखभर किलोमीटर झालेली. आमचं गाव गगनबावड्याच्या वाटेवर, त्यामुळे फुलेवाडी, बालिंगा, कळे, साळवण हा रस्ता नेहमीचा. कोल्हापूर ते गगनबावडा साधारण ५५ किलोमीटर, पण उसाचा हंगाम सुरू झाला की भरलेल्या ट्रॉल्यांखाली रस्ता दबतो आणि पावसाळ्यात पॅच उखडतात. उजव्या शॉकच्या नळीवर तेल पाझरून धुळीचा काळा थर बसला होता. डाव्या स्प्रिंगचा खालचा वेढा तुटला होता. मागे आई बसली की लहानशा खड्ड्यातसुद्धा गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटी अडवणाऱ्या रबरावर, आदळायची, आणि तिचं कमरेचं दुखणं जुनं आहे. काम टाळण्यासारखं राहिलं नव्हतं.

कंपनीच्या शॉकऐवजी मी बाहेरच्या बनावटीचे गॅसचे शॉक घेतले. शॉकमध्ये तेल असतं आणि दांडीच्या टोकाच्या पिस्टनला बारीक भोकं असतात. त्या भोकांतून तेल जाताना जो अडसर होतो त्यानं स्प्रिंगचं उसळणं आवरलं जातं. खराब रस्त्यावर बराच वेळ चाललं की तेल तापतं, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि शॉक मऊ पडतो. नायट्रोजन दाबानं भरलेला असेल तर फेस कमी होतो. घाटाच्या रस्त्याला मला हे हवं होतं. स्प्रिंग मात्र मूळ उंचीचेच घेतले. दुकानात गाडी बसकी करणारे आखूड स्प्रिंगही दाखवले गेले, मी नको म्हणालो. एक तर आमच्याकडचे स्पीडब्रेकर बघता पोट घासणार हे नक्की. दुसरं, कंपनीनं ठरवलेली गाडीची मूळ घडण बदलायला मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ची आडकाठी आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यावर स्पष्ट निकाल दिलेला आहे. हौसेपायी ती कटकट कशाला लावून घ्यायची?

सामान शहरातल्याच एका गॅरेजमध्ये बसवून घेतलं. संध्याकाळी गाडी ताब्यात घेतली तेव्हा फरक लगेच जाणवला. वळणावर मागची बाजू जी डुलायची ती थांबली होती. मुख्य रस्ता सोडून आमच्या पेव्हर ब्लॉकच्या गल्लीत शिरलो, आणि मागून सुरू झालं. टक्, टक्टक्, टक्. पोकळ आवाज. स्पीडब्रेकरवरून हळू नेली तर काही नाही. हायवेवर ऐंशीच्या वेगात काही नाही. पण उखडलेलं डांबर, गटारीच्या झाकणाची कड, पेव्हर ब्लॉक अशी बारीक कडक खडबड आली की मागच्या सीटच्या पाठीमागे कुणीतरी बोटांची पेरं आपटतंय असं वाटायचं.

ज्यांनी बसवलं त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी गेलो. त्यांनी गाडी दोन खांबांच्या रॅम्पवर उचलली, चाकं धरून हलवली, शॉक हातात धरून ओढला, वरचे-खालचे नट पुन्हा तपासले. काहीच हललं नाही. "सगळं टाइट आहे सर, गॅसचा शॉक कडक असतो, त्यामुळे रस्ता जास्त जाणवतो." कडकपणा जाणवणं वेगळं आणि आवाज येणं वेगळं. पण रॅम्पवर गाडी मूग गिळून गप्प बसली होती, त्यामुळे माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. गाडी रॅम्पवर का गप्प बसते, याचं उत्तर नंतर मिळालं आणि तेच या सगळ्या प्रकरणाचं मूळ होतं.

घरी आल्यावर मी आधी गाडीतलं सुटं सामान काढलं. कुठल्याही आवाजाच्या शोधात ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण ती केल्याशिवाय पुढं जाऊ नये. मागचं काम करताना स्टेपनी, जॅक, पाना सगळं हललेलं असतं. स्टेपनीचा मधला स्क्रू अर्धवट फिरवलेला असला तरी ती वाजते. जॅक त्याच्या खोबणीत पिळून घट्ट बसवावा लागतो. मी स्टेपनीसकट सगळं बाहेर काढून व्हरांड्यात ठेवलं, पार्सल ट्रे काढला, मागच्या सीटबेल्टची बकलं कापडात गुंडाळली. मागच्या सीटची पाठ ज्या कडीत अडकते ती कडीही अशा वेळी फसवते. कडी आणि कुलूप यांच्यात किंचित जागा असली तर अगदी सस्पेन्शनसारखा आवाज येतो. कडीला चिकटपट्टीचे दोन वेढे दिले. गल्लीतून फेरी मारली. आवाज होता तसाच, उलट डिकी रिकामी झाल्यामुळे जास्तच स्वच्छ.

मग सायलेन्सर. थंड असताना त्याच्यावर तळहातानं थापा मारल्या. रबराच्या हँगरवर तो झुलतो, पण बीमला (मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईला) किंवा पत्र्याला लागत नव्हता. त्याची उष्णता अडवणारा पत्रा हातानं दाबून बघितला, तोही घट्ट. मागचे ब्रेक ड्रमचे, आणि ड्रममधले शू त्यांची स्प्रिंग ढिली झाली की खडबडीत रस्त्यावर खुळखुळतात. याची परीक्षा सोपी आहे: मोकळ्या रस्त्यावर अगदी हळू चालवत हँडब्रेक एक-दोन दात ओढायचा. शू ड्रमला टेकले की त्यांचा आवाज बंद होतो. माझा बंद झाला नाही. टायरमधली हवाही बघून घेतली. गॅरेजमधून आलेल्या गाडीत हवा वाजवीपेक्षा जास्त असेल तर साधा रस्ताही दगडी वाटतो. ती बरोबर होती.

एवढ्यावर माझं ज्ञान संपत होतं. एका मित्रानं शिवाजी उद्यमनगरातल्या एका वयस्क मिस्त्रीमामांचं नाव सुचवलं. त्यांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि आत जमिनीत खणलेला खड्डा. रॅम्प नाही. शेजारी लेथ, पलीकडे पॅटर्न बनवणारा, मागच्या बोळात वेल्डिंग. कोल्हापूरच्या ऑइल इंजिनांचा आणि फौंड्रीचा धंदा ज्या भागानं वाढवला तो हा भाग. इथं एखादा पार्ट बाजारात मिळाला नाही म्हणून काम अडत नाही.

मी सगळी कहाणी सांगायला लागलो. आवाज कुठून येतो, कसा येतो, उजवीकडून जास्त वाटतो की डावीकडून. मामांनी हात वर केला.

"आवाज कुठनं येतोय ते ऱ्हाऊ द्या पाव्हणं. कवा जातोय ते सांगा."

मी जरा थांबलो. स्पीडब्रेकरवर जातो, हायवेवर जातो, एवढं सांगितलं. हँडब्रेक ओढल्यावर जात नाही, हेही.

"मागं दोन माणसं बसली की?"

ते बघितलं नव्हतं. मामांनी त्यांच्याकडच्या दोन पोरांना मागे बसवलं, स्वतः पुढे बसले आणि मला उद्यमनगरच्या आतल्या रस्त्यांवरून फिरवायला लावलं. तिथं खडबडीत रस्ता शोधावा लागत नाही. दोघं मागे बसूनही आवाज तसाच. मामा मान हलवून म्हणाले, "मग स्प्रिंग न्हवं."

त्यांचा विचार असा होता. मागे असा पिळ घेणारा बीम, म्हणजे टॉर्शन बीम, असलेल्या बहुतेक गाड्यांत, म्हणजे स्विफ्ट, आय२०, पोलो अशा गाड्यांत, मागचे स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळे असतात. स्प्रिंग नुसता बीम आणि बॉडी यांच्यामध्ये वजनानं दाबून बसलेला असतो, त्याला बोल्ट नसतो. त्याचं टोक खालच्या वाटीतल्या पायरीला टेकलं नसेल किंवा वरचं रबर घालायचं राहिलं असेल तर तो वाजतो. पण मागे सव्वाशे-दीडशे किलो वजन पडलं की स्प्रिंग आणखी दाबला जातो आणि त्याचा आवाज बदलतो, कमी होतो, कधी पूर्ण थांबतो. शॉकचं तसं नसतं. उभ्या गाडीत शॉक वजन पेलत नाही, तो फक्त हालचालीला अडवतो. माणसं बसली काय आणि उतरली काय, त्याच्या सांध्यावरचा भार साधारण तेवढाच. वजनानं आवाज बदलत नाही म्हणजे संशय स्प्रिंगवरून शॉककडे सरकला.

दुसरी खूण स्पीडब्रेकरची. स्पीडब्रेकरवर चाक सावकाश लांब वर जातं आणि सावकाश खाली येतं. शॉकची दांडी बराच वेळ एकाच दिशेनं ढकलली जाते, मग बराच वेळ दुसऱ्या दिशेनं. सांध्यात फट असली तरी ती एकदाच हळूच मिटते. पेव्हर ब्लॉकवर मात्र दिशा क्षणाक्षणाला उलटते, आणि प्रत्येक उलटण्याला ती फट एकदा इकडून आणि एकदा तिकडून आपटते. म्हणजे मोठ्या धक्क्याला गप्प आणि बारीक खडबडीला बोलका, हे लक्षणच ढिल्या सांध्याचं. हे ऐकताना माझ्या डोक्यात इतके दिवस सुटी फिरणारी निरीक्षणं एकदम एका ओळीत लागली.

माझ्याकडे जुने शॉक होते. काम करून घेताना जुनं सामान मागून घ्यायची मला सवय आहे आणि ती इथं कामाला आली. मामांनी फक्त डाव्या बाजूला जुना शॉक परत चढवला. तेल गळणारा उजव्याचा होता, डावा बऱ्यापैकी होता. पुन्हा तोच रस्ता. डावी बाजू चिडीचूप, उजवीकडून टक्टक्. आता बॉडी, बीम, ब्रेक, सीट सगळं संशयातून सुटलं. आवाज नव्या शॉकच्या पोटात होता, नाहीतर त्याच्या दोन टोकांपैकी एकात.

काढलेला नवा शॉक मामांनी उभा धरून हातानं वरखाली केला. गॅसचा शॉक दाबून सोडला की दांडी आपोआप सावकाश बाहेर येते, ती येत होती. दाबताना आणि ओढताना दिशा बदलते त्या जागी मोकळा, अडसर नसलेला टप्पा लागला तर आत हवा आहे किंवा व्हॉल्व्ह गेलाय असं समजायचं. तसा टप्पा नव्हता. आत काही खडखडत नव्हतं. खालच्या डोळ्यातलं (बोल्ट जातो त्या कडीतलं) बुश, म्हणजे रबरी गादी, नवं, चिकटलेलं, चीर नाही. शॉक निर्दोष होता. राहिलं वरचं टोक.

वरचं टोक कसं बांधलेलं असतं हे इथं सांगायलाच हवं, कारण सगळी गोम तिथं आहे. दांडीच्या शेवटी आटे असतात आणि आट्यांच्या खाली एक खांदा. त्या खांद्यावर आधी एक वायसर बसतं, त्यावर खालचं रबरी बुश. मग बॉडीचा पत्रा येतो. दांडी त्याच्या भोकातून वर डिकीच्या बाजूला निघते. वर दुसरं रबरी बुश, त्यावर दुसरं वायसर आणि शेवटी नट. म्हणजे पत्रा दोन रबरांच्या मध्ये चिमटलेला. आणि या दोन्ही रबरांच्या आतून, दांडीवर, एक छोटी लोखंडी नळी असते. खालच्या वायसरपासून वरच्या वायसरपर्यंत. नट आवळत गेलो की रबरं दबतात, आणि वरचं वायसर नळीला टेकलं की नट थांबतो. रबर किती दाबायचं हे माणसाच्या मनगटावर सोपवलेलं नसतं, ते नळीची लांबी ठरवते.

डिकीच्या उजव्या बाजूचं आतलं कव्हर मामांच्या पोरानं क्लिपा न मोडता उचकटलं. चाकाच्या कमानीवर नट दिसला. मामांनी पाना लावला, दांडीचं टोक दुसऱ्या पान्यानं धरलं आणि जोर दिला. नट तसूभर फिरला नाही. मग खिशातून फिलर गेज काढलं, फट मापायच्या बारीक पात्यांचं, इंजिनचे टॅपेट सेट करायचं असतं ते. ०.९० मिलिमीटरची पाती निवडली आणि वरचं वायसर आणि रबर यांच्या मधे कडेनं सरकवली. पाती आत गेली. सहज, न अडकता, अर्ध्यापर्यंत. मी बॅटरी धरून वाकलो होतो आणि जे बघत होतो त्यावर विश्वास बसत नव्हता: हलत नसलेल्या नटाखाली रबर मोकळं होतं.

"आता बगा," म्हणत त्यांनी पोराला बाजूनं जॅक लावायला सांगितलं. गाडी उचलली गेली, उजवं चाक हवेत लोंबायला लागलं. त्याच जागी तीच पाती पुन्हा घालायला गेले तर ती शिरेना. चाक खाली टेकवलं, पाती परत आत.

रॅम्पचं कोडं इथं सुटलं. चाकं जमिनीवर असताना गॅसचा दाब दांडीला सतत वर ढकलतो. त्यामुळे खालचं रबर पत्र्याला दाबून बसतं आणि वर फट उघडते. गाडी उचलली की बीमचं आणि चाकाचं सगळं वजन शॉकला लटकतं, दांडी खाली ओढली जाते, वरचं वायसर रबरावर दाबून बसतं आणि फट वरून नाहीशी होते. ती खाली जाते, पण पत्र्याखाली अंधारात कोण बघणार? शिवाय त्या अवस्थेत शॉक इतका ताणलेला असतो की हातानं हलवून काही कळत नाही. म्हणजे रॅम्पवर तपासणारा माणूस खोटं बोलत नव्हता. तो गाडीची अशी अवस्था तपासत होता जी रस्त्यावर क्वचितच येते. म्हणून मामा रॅम्पपेक्षा खड्डा पसंत करतात. खड्ड्यात उतरून बघताना चाकं जमिनीवर आणि वजन जागच्या जागी असतं.

फट एक मिलिमीटरची. एवढ्याशा फटीचा इतका आवाज कसा, असं मी विचारलं. चाकाच्या कमानीचा तो पत्रा हलगीच्या कातड्यासारखा ताणलेला असतो, आणि शॉकचं टोक नेमकं त्याच्यावर आपटतं. आवाज गाडीभर घुमतो, म्हणूनच तो डावीकडून येतो की उजवीकडून हे कानाला धड कळत नाही.

आता फट का पडली? मामांनी सांधा पूर्ण खोलला आणि सुटे भाग फडक्यावर ओळीनं मांडले. जुन्या शॉकची नळी आणि नव्याबरोबर आलेली नळी शेजारी शेजारी उभी केली. नवी डोळ्यांना दिसेल इतकी उंच. बारीक माप घ्यायचा व्हर्नियर लावला. जुनी २८ मिलिमीटर, नवी ३२. रबरी बुश मात्र जुनेच वापरले होते, कारण नव्या शॉकच्या खोक्यात नळी, वायसर आणि नट होते, बुश नव्हते. लाखभर किलोमीटर दबून ते बुश प्रत्येकी १४ मिलिमीटरचे राहिले होते. पत्रा तिथं दुहेरी, ३ मिलिमीटर. चौदा, चौदा आणि तीन, एकतीस. नळी बत्तीस. नट नळीवर लोखंडाला लोखंड टेकून घट्ट बसत होता, किती जोर लागला ते दाखवणारा टॉर्क पाना लावला असता तर त्यानंही बरोबर आकडा दाखवला असता, आणि रबर मात्र एका मिलिमीटरनं मोकळं. जुन्या नळीच्या हिशेबात हेच थकलेले बुश तीन मिलिमीटर दाबले जात होते, म्हणून जुना शॉक तेल गाळत असूनही आवाज करत नव्हता.

जुनी नळीच नव्या शॉकला का घातली नाही, हा प्रश्न मलाही पडला. नव्या शॉकची दांडी वरच्या टोकाला १२ मिलिमीटरची आहे आणि जुन्याची १०, त्यामुळे जुनी नळी तिच्यावर चढतच नाही. बसवणाऱ्यानं खोक्यात आलेली नळी घातली, आणि खोक्यात आलेली वस्तू बरोबरच असणार असं कुणीही धरून चालेल. शॉकची लांबी, खालचा डोळा, स्ट्रोक हे सगळं माझ्या गाडीला जुळत होतं. जुळत नव्हता तो एक नळीचा तुकडा, बहुधा जाड बुशांसाठी केलेला. वाईट या गोष्टीचं वाटतं की इतका महागाचा शॉक बनवणाऱ्यानं खोक्यात बुशांची जोडी टाकली असती, किंवा नळीची लांबी एका ओळीत छापली असती, तर मुळात हे घडलंच नसतं.

मामांचं म्हणणं, नवे बुश घेतल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही. ते बरोबर होतं. थकलेल्या रबराच्या मापानं नळी कापली तर नवं रबर घालताना पुन्हा तोच घोळ. लक्ष्मीपुरीत जाऊन माझ्या गाडीचे मूळ बुश घेऊन आलो. नवं बुश १५ मिलिमीटरचं भरलं. दोन्ही मिळून ३०, पत्रा ३, एकूण ३३. नळी ३२ची ठेवली असती तर दाब फक्त एक मिलिमीटरचा. आवाज तेवढ्यापुरता गेला असता आणि रबर जरा बसलं की परत आला असता. कंपनीनं या बुशांसाठी नळी २८ची दिली आहे, म्हणजे नव्या रबराला पाच मिलिमीटरचा दाब, रबराच्या उंचीच्या सहाव्या भागाइतका. तेव्हा नव्या नळ्या २८वर आणायच्या ठरल्या. दोन्ही बाजूंना सारख्या.

शेजारच्या लेथवर काम फार वेळाचं नव्हतं, पण बघण्यासारखं होतं. लेथवाल्या दादांनी नळी चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरली. भिंत पातळ आहे, जास्त आवळलं तर ती अंडाकृती होईल आणि दांडीवर चढणार नाही, म्हणून आत एक गोल सळई सरकवून मग चक आवळला. एका बाजूनं फेसिंग घेत घेत, म्हणजे तोंड तासत, माप आणलं. शेवटचा कट अगदी बारीक. व्हर्नियर लावून मला दाखवला: २८.०. मग कडेची धार कानशीनं मारली, आतून आणि बाहेरून. ही धार ठेवली तर ती रबर कापते. दुसरी नळी पहिलीला लावून बघितली, दोन्हींवर नख फिरवलं तर पायरी लागली नाही. कानस मारून किंवा ग्राइंडरवर घासून हे काम करता आलं असतं का? लांबी आली असती, पण तोंड काटकोनात राहिलं नसतं, आणि तिरक्या तोंडाच्या नळीवर वायसर एका बाजूला टेकून दुसऱ्या बाजूला उघडं राहतं. एवढ्याशा कामाला लेथ हवाच. दोन्ही नळ्यांचे मिळून शंभर रुपये घेतले.

परत बसवताना मामांनी हवेवर चालणारी गन बाजूला ठेवली. गननं नट फिरवला की बऱ्याचदा दांडीच गोल फिरते, आणि आतला सील त्यासाठी केलेला नसतो. नट घट्ट झाला की नुसता फिरला हे आवाजावरून कळतही नाही. दांडीचं चपटं टोक एका पान्यात धरून दुसऱ्यानं नट हातानं आवळला. आत नायलॉनची कडी असलेला नट एकदा उघडला की त्याची पकड कमी होते, म्हणून नवा घेतला. आवळताना रबराचं पोट हळूहळू बाहेर येताना दिसत होतं, सगळीकडून सारखं, आणि मग नट थांबला. नट आणि दांडी यांच्यावर मार्करनं एक आडवी रेघ ओढली. नट ढिला होत असेल तर ती रेघ तुटलेली दिसते.

खालच्या बोल्टचीही एक गोष्ट त्यांनी केली जी पहिल्या वेळी झाली नव्हती. तो बोल्ट आधी फक्त हातापुरता लावला, चाकं जमिनीवर टेकवली, गाडी दोन-चार वेळा दाबून सोडली आणि मग खड्ड्यात उतरून आवळला. खालच्या डोळ्यातलं रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला तर ते रबर त्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी जमिनीवर आली की कायम पिळलेलं राहतं. त्यानं लगेच आवाज येत नाही, पण रबर लवकर फाटतं. हे वाचणाऱ्यानं गॅरेजमध्ये काम करून घेताना एवढं तरी आवर्जून सांगावं. मिनिटभराचं काम आहे.

गाडी बाहेर काढली आणि त्याच रस्त्यावर नेली. खडी, चर, गटारीची झाकणं. टायरचा आवाज येत होता, पत्र्यांच्या शेडमधले घण ऐकू येत होते, मागून काही नाही. मामा काच खाली करून कान बाहेर काढून बसले होते. परत आल्यावर म्हणाले, "घाटात न्या एकदा, मग कव्हर बसवा."

म्हणून डिकीचं कव्हर न लावताच त्या रविवारी आईला घेऊन गावी गेलो. पुढं साळवणवरून गगनबावडा आणि करूळ घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. फिलर गेज माझ्याकडे नव्हतं, पण पोस्टकार्डाचा तुकडा घेतला होता, तो वायसरखाली शिरला नाही. मार्करची रेघ अखंड होती. आईनं परतीच्या वाटेवर कळ्यापर्यंत झोप काढली. मागच्या सीटवर तिला झोप लागली, हे मला सगळ्या मापांपेक्षा मोठं वाटलं.

ज्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा सामान बसवलं होतं तिथंही जाऊन आलो. भांडायला नाही. दोन्ही नळ्यांची मापं, बुशांची मापं आणि सांध्याची साधी आकृती कागदावर काढून नेली होती. तिथल्या फोरमननं ती शांतपणे बघितली, खिशातल्या वहीत मापं उतरवून घेतली आणि त्याच बनावटीचे शॉक घातलेली आणखी एक गाडी वाजते म्हणून परत आली आहे असं सांगितलं. तिचा नंबर काढून त्यानं तिथूनच मालकाला फोन लावला.

पुढचे शॉक दिवाळीनंतर बदलायचे आहेत. तिथली रचना वेगळी, मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉक आणि स्प्रिंग एकत्र, वर बेअरिंगचं माउंट, आणि तिथं स्प्रिंग दाबून धरणाऱ्या काँप्रेसरशिवाय काम करणं धोक्याचं. सामान मागवण्याआधी माउंट, वायसर आणि दांडीच्या आट्यांची मापं विक्रेत्याकडे मागितली आहेत. अजून उत्तर आलेलं नाही, आणि ते येईपर्यंत ऑर्डर द्यायची नाही असं ठरवलं आहे.